चव म्हणजे खाणं नव्हे

मी फाटक्या तोंडाची बाई. हे मला कुणी सांगायला नको, लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. पण अशा बायका मनानं चांगल्या असतात असं लोक म्हणतात ना, त्यावर माझा आजवर विश्वास होता. आता तोही उरला नाही. डॉक्टरबाईंच्या खोलीत, चार परक्या माणसांसमोर, मी माझ्या सुनेबद्दल जे बोलले ते आठवलं की अजून कान तापतात. रस्त्यात आठवलं तर मी मध्येच थांबते आणि चपलेचा पट्टा नीट करायचं सोंग करते.

सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे मला किती शिव्या घालायच्या ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आमचा डब्यांचा धंदा. पुढच्या मोठ्या खोलीत स्वयंपाक, मागच्या दोन खोल्यांत संसार. दोन्ही वेळचे मिळून शंभरावर डबे जातात. ऑफिसातली माणसं, रात्रपाळीवाले, एकटी राहणारी म्हातारी. डाळ, भाजी, एखादा रस्सा, भात. चिरणं, फोडणी, शिजवणं माझं. डबे पोचवायला दोन सायकलवाले. मीठ मात्र यांचं, माझ्या नवऱ्याचं.

त्याचं असं झालं, की फार वर्षांपूर्वी मला एक ताप आला आणि जाताना माझी जीभ घेऊन गेला. गोड-आंबट थोडंफार कळतं, मिठाचं मात्र काही म्हणजे काही कळत नाही. स्वयंपाक करणारीला मीठ कळू नये, म्हणजे गवयाला सूर ऐकू येऊ नये तसलाच प्रकार. पण धंदा तर चालवायचा होता. मग मी पातेल्याशी उभी राहून हाक मारायची, "अहो, चव बघा!" हे आपली वाटी घेऊन यायचे. वाटीत डाळ घ्यायची, फुंकर मारून प्यायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "चिमूटभर." मी घालायची. पुन्हा वाटी. "अजून किंचित." पुन्हा वाटी. "हं, आता बस." मग भाजी. मग रस्सा. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. यांच्या जिभेवर आमचं घर उभं राहिलं, असं हे स्वतःच सांगत सुटायचे. गिऱ्हाइकं यांना चवकाका म्हणतात. तो शब्द ऐकला की यांची छाती अशी फुगते, की शर्टाची बटणं मला पुन्हा शिवावी लागतात.

आमची सून मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. रक्त तपासायची, लघवी तपासायची. मुलगा कामासाठी परगावी, महिन्या-दोन महिन्यांनी येतो. घरात आम्ही दोघं आणि ती. सकाळी पातेली चढायच्या आत ती बाहेर पडते आणि डबे जाऊन पातेली घासून झाली की परत येते. शांत पोरगी. मला शांत माणसांचा राग येतो, कारण मग भांडणाचं सगळं काम एकटीला करावं लागतं. "बरण्यांची झाकणं घट्ट लावत नाहीस." "हो आई." "कपडे वाळत घालताना झटकत नाहीस." "हो आई." सुट्टीच्या दिवशी डबे बंद, तेव्हा तिनं भाजी केली तर मी पहिल्या घासाला "अळणी आहे" म्हणायची. नावडतीचं मीठ अळणी असतं म्हणतात, पण मला तर कुणाचंच मीठ कळत नाही! तरी म्हणायची. बघा, म्हणजे मी कसली बाई आहे ते.

तिची नोकरी हंगामी होती. दर वर्षी कागद नवा, दर वर्षी जिवाला घोर. या वेळी मात्र डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, "हा अभ्यास नीट पार पडला, की तुला कायम करायची शिफारस मी स्वतः करीन." अभ्यास होता ब्लडप्रेशरवाल्यांचा. अंगात इन्सुलिन वाढलं, की त्यांच्या रक्तातल्या क्षारांचं आणि क्षार सांभाळणाऱ्या हार्मोन्सचं काय होतं, हे बघायचं होतं. त्यासाठी माणसं हवी होती. प्रेशर आहे, साखर नाही, गोळी अजून सुरू झालेली नाही, अशी. एक माणूस ऐनवेळी गळाला. आणि यांचं प्रेशर नुकतंच सापडलेलं.

सुनेनं भीत भीत विचारलं. "बाबा, नातं मी तिथे सांगितलंय, त्यांची हरकत नाही. पण तुम्हाला त्रास वाटत असेल तर नको."

"त्रास कसला? आयुष्यभर लोकांच्या पोटाची काळजी घेतली, आता विज्ञानाची घेऊ," हे म्हणाले. मला हसू आलं होतं.

डॉक्टरबाईंनी आम्हाला बसवून सगळं समजावलं. माणूस जेवतो, साखर वाढते, तशी शरीरात इन्सुलिन सुटतं. ते साखरेला पेशींमध्ये ढकलतं. साखरेसोबत पोटॅशियमही आत जातं, म्हणजे रक्तातलं कमी होतं. शिवाय इन्सुलिन वाढलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, बाहेर सोडत नाहीत. त्यात अल्डोस्टेरॉन नावाचा एक हार्मोन असतो, त्याचं काम मीठ वाचवायचं आणि पोटॅशियम बाहेर काढायचं. "प्रेशरच्या माणसांत ही सगळी मंडळी एकमेकांशी कशी वागतात, ते आम्हाला बघायचंय," बाई म्हणाल्या. "पण काका, मिठाचा हिशोब चोख पाहिजे. तुमचा गट कमी मिठाचा. आठवडाभर आम्ही देऊ तोच डबा खायचा. बाहेरचा एक घास नाही."

"बाई, मीही डबेवालाच आहे. दुसऱ्याच्या डब्यात हात घालत नाही," हे म्हणाले.

आठवडाभर हॉस्पिटलचे बंद डबे आले. यांनी ते निमूट खाल्ले. "काय हे, कापूस शिजवल्यासारखं," म्हणायचे, पण खायचे. मी पदार्थ लपवले, शेजारीण काही घेऊन आली तर दारातून परत पाठवली. शेवटच्या दिवशी तो पिवळा कॅन आला. दिवसरात्रीची लघवी त्यात धरायची, थेंब वाया घालवायचा नाही. यांनी तोही प्रामाणिकपणे भरला आणि सुनेच्या हातात देताना भिंतीकडे तोंड केलं. ती म्हणाली, "बाबा, माझं रोजचं काम आहे हे." हे म्हणाले, "तुझं असेल बाई, माझं नाही."

मग इन्सुलिनचा दिवस. हे उपाशीपोटी पलंगावर आडवे. एका हाताला दोन नळ्या, एकीतून इन्सुलिन, एकीतून साखर, म्हणजे इन्सुलिननं साखर खाली पडू नये. दुसरा हात गरम पेटीत, शिरा मोकळ्या राहाव्यात म्हणून, आणि त्या हातातून मधून मधून रक्त घ्यायचं. हे म्हणाले, "अगं, हात शिजला की सांग, मीठ मी बघतो." सूनसुद्धा हसली. तिनं प्रत्येक वेळी रक्ताच्या नळीवर चिठ्ठी चिकटवली, ती वाचली, यांच्या हातावरच्या पट्टीशी ताडून बघितली, मगच नळी बर्फात ठेवली. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. पुढे जे बोलले ते बघून-सवरून बोलले, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

काही आठवडे गेले आणि हॉस्पिटलातून बोलावणं आलं.

खोलीत डॉक्टरबाई, लॅबचे साहेब आणि शिकणारे दोन डॉक्टर. कोपऱ्यात आमची सून, उभी. कुणी तिला बस म्हटलं नव्हतं.

"काका," डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक अवघड गोष्ट विचारते, राग मानू नका. डब्यांत जेवढं मीठ होतं त्याच्या कितीतरी पट तुमच्या लघवीत आलंय. शरीर मीठ तयार करत नाही, खाल्लेलंच बाहेर येतं. आणि कमी मीठ खाणाऱ्याचं अल्डोस्टेरॉन चढायला हवं, कारण शरीर मीठ वाचवायला धडपडतं. तुमचं तळाला आहे. पोटॅशियम इन्सुलिननं उतरायला हवं तसं उतरलं, त्यात खोट नाही. पण मिठाचा हिशोब कमी मीठवाल्याचा नाही. म्हणजे एकतर तुम्ही बाहेरचं काही खाल्लंत, नाहीतर हा कॅन आणि या नळ्या तुमच्या नाहीतच."

"आणि एक नळी बदलली असेल," लॅबचे साहेब म्हणाले, "तर त्या खेपेच्या सगळ्याच नळ्यांवर प्रश्नचिन्ह. सगळ्यांचीच मेहनत पाण्यात."

यांचा चेहरा लाल झाला. "मी अन्नाची शपथ घेऊन सांगतो. तुमच्या डब्याशिवाय मी आठवडाभर एक घास खाल्ला नाही. अन्न हा माझा धंदा आहे, त्याची खोटी शपथ घेणार नाही."

आणि हे खरंच बोलत होते हो. मनात पाप नव्हतं.

तेवढ्यावर थांबायचं ना मी? पण नवऱ्याला कुणी खोटा म्हणतंय म्हटल्यावर माझी जीभ कसली थांबते. उचलली आणि लावली टाळ्याला. "बाई, आमच्या घरात खोटं बोलत नाहीत. चूक झाली असेल तर हिच्याच हातून झाली असेल. घरी बरणीचं झाकण हिला धड लावता येत नाही. जाईल तिथे उघडं टाकते, इकडचं तिकडे करते. इथे तरी काय वेगळं करणार?"

सुनेनं माझ्याकडे एकदा बघितलं. राग असता तर बरं झालं असतं, मला रागाशी लढता येतं. तिच्या डोळ्यांत नुसतं आश्चर्य होतं, लहान मुलाला विनाकारण चापट बसली तर असतं तसं. मग तिनं मान खाली घातली. डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "तू काही दिवस मशीनवर बसू नकोस. घरी जा. पुढचं मी कळवते."

बसमध्ये आम्ही तिघं एका बाकावर. मी खिडकीत, हे मध्ये, ती कडेला. मला वाटलं, मी घराण्याची अब्रू राखली. खरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

ती घरी राहिली तेव्हा पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकाच्या वेळी स्वयंपाकघरात होती. मी म्हटलं नव्हतं तरी कांदे चिरायला बसली. मी डाळ उकळली आणि सवयीनं हाक मारली, "अहो, चव बघा!" हे वाटी घेऊन आले. प्यायले. "चिमूटभर." पुन्हा प्यायले. "किंचित." पुन्हा.

तिची सुरी थांबली.

"आई, बाबा रोज असंच बघतात?"

"मग मीठ काय तू बघणार आहेस?" मी फटकारलं. "मला ते कळत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, आणि घरातल्या सुनेला नाही!"

"त्या आठवड्यातही?" तिनं अगदी हळू विचारलं.

"त्या आठवड्यात काय गिऱ्हाइकांना उपाशी ठेवायचं होतं?"

ती यांच्या वाटीकडे बघत बसली. मग पुन्हा कांदे चिरायला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं, कांद्यांचं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. अहो, तिनं प्रश्न असा हातात आणून दिला होता, आणि तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. आम्हाला खरोखरच कळत नव्हतं. चव बघणं म्हणजे खाणं, हे आमच्या धंद्यात कुणाच्या स्वप्नातही येत नाही. खाणं म्हणजे ताट, खाणं म्हणजे बसून जेवणं. चव ही पातेल्याची असते, पोटाची नसते.

पुढच्या सोमवारी ती पुन्हा कामावर गेली. मशीनवर नाही, कोठारात. रिकाम्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. हे मला नंतर कळलं, तिनं घरी सांगितलं नाही. ती जेवायची, भांडी घासायची, झोपायची. बरण्यांची झाकणं मात्र इतकी घट्ट लावायला लागली, की मला ती उघडेनात. तेव्हासुद्धा मी चिडलेच.

मग यांची दाढ काढली.

गेले कित्येक दिवस ठणकत होती, एक दिवस सकाळीच जाऊन काढून आले. तोंडात कापसाचा बोळा, गाल सुजून भोपळा. दातांच्या डॉक्टरांनी दिवसभर काही गरम घ्यायचं नाही म्हणून बजावलेलं. आता मीठ कोण बघणार? सायकलवाल्यांतल्या थोरल्याला बोलावलं. त्यानं चहाच्या चमच्यानं प्रत्येक पातेल्यातलं थोडंथोडं चाटलं आणि म्हणाला, "काकू, बरोबर आहे." झालं. डबे भरले, गेले. मापं रोजचीच. इतक्या वर्षांच्या हाताला माप चुकत नाही, रोज पातेली निपटून कोरडी होतात.

त्या दिवशी झाली नाहीत.

डाळ उरली. रस्साही उरला. दोन्ही एका लहान पातेल्यात ओतले तर ते पातेलं काठापर्यंत आलं. मला वाटलं, कुणाचातरी डबा भरायचा राहिला. सायकलवाल्यांना विचारलं, सगळे गेले होते. वाटलं, पाणी जास्त पडलं. पण डाळ तर नेहमीसारखी दाट. मी पळी हातात धरून त्या पातेल्याकडे बघत राहिले. रोज हे कुठे जातं? रोज इथे काय वेगळं असतं? वळून बघितलं, तर हे स्टुलावर बसलेले, गालाला हात लावून, आणि पुढ्यात यांची वाटी. कोरडी.

एवढं पातेलं! आणि ही नुसती दुपारची वेळ.

"अहो," मी म्हटलं, "रोज तुम्ही एवढं पिता?"

यांनी पातेल्यात डोकावलं. मग माझ्याकडे बघितलं. कापसाच्या आडून कसंबसं म्हणाले, "चव म्हणजे खाणं का गं?"

मिठाचा सगळा डोंगर मीच माझ्या हातानं यांना पाजला होता, हाका मारमारून. शेजारणीला दारातून परत पाठवत होते, आणि मागे वळून "अहो, चव बघा!" यांनी तोंडावर हात ठेवला तो काढलाच नाही. अन्नाची शपथ घेतलेला माणूस. त्यांची लाज मला दिसत होती, पण माझी त्याहून मोठी होती. यांनी नकळत खाल्लं होतं. मी मात्र नळ्यांवर चिठ्ठ्या लावताना तिला डोळ्यांनी बघितलं होतं आणि तरी तसं बोलले होते. त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेती तर उपकार झाले असते. पण जमिनीला तरी मला घेऊन काय करायचंय!

पातेल्यावर झाकण ठेवलं, फडक्यानं बांधलं, आणि मी बसमध्ये बसले, पातेलं मांडीवर घेऊन. हॉस्पिटलच्या दारावरचा पहारेकरी म्हणाला, "काकू, पेशंटचा डबा तिकडच्या खिडकीत द्या." मी म्हटलं, "पेशंटचा नाही रे बाबा, पुरावा आहे." त्यानं मला वेड्यात काढून आत सोडलं.

डॉक्टरबाई भेटल्या तेव्हा मी बाकी काही सांगायच्या आधी एकच मागणं मागितलं. "त्या दिवशी या खोलीत जे जे होते त्या सगळ्यांना बोलवा. जितक्यांसमोर बोलले तितक्यांसमोर सांगायचंय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं आणि बोलावलं. लॅबचे साहेब आले, ते दोघं शिकणारे आले. शेवटी सून आली, बोटांना डिंक लागलेला. मला तिथे बघून ती दारातच थांबली.

मी सगळं सांगितलं. ताप, वाटी, चिमूटभर, किंचित. पातेलं उघडून दाखवलं. "यांनी शपथ खोटी घेतली नाही, बाई. आम्हाला खाणं कशाला म्हणतात तेच ठाऊक नव्हतं. पण मी हिच्याबद्दल जे बोलले ते खोटं होतं. तिनं प्रत्येक चिठ्ठी वाचलेली मी बघितली होती. माझ्या घरात खोटं बोलणारी मीच निघाले."

कुणी हसलं नाही. हसले असते तर मला चाललं असतं.

लॅबच्या साहेबांनी डाळ नळीत घेतली, पातळ केली आणि सुनेकडे नळी धरून म्हणाले, "चल, तूच लाव." ती मशीनवर बसली. थोड्या वेळानं आकडा आला. बाईंनी तो वाट्यांच्या हिशोबात घालून बघितला आणि मान हलवली. दोन वेळच्या चवी मिळून लघवीतल्या मिठाचा उलगडा होत होता. एवढं मीठ पोटात जात असताना अल्डोस्टेरॉन तळाला असणार, यातही मग आश्चर्य राहिलं नाही.

"म्हणजे नळ्या बरोबर होत्या," बाई म्हणाल्या. "काकांचे आकडे अभ्यासातून वगळावे लागतील, पण बाकीची खेप वाचली." मग सुनेकडे वळल्या. "उद्यापासून मशीनवर. शिफारस आजच पाठवते. आणि तुझी माफी मागायला हवी, ती मागते." मग म्हणाल्या, "आता मला कळलं तू तो हट्ट का धरला होतास."

"कसला हट्ट?" मी विचारलं.

"गेल्या आठवड्यात येऊन म्हणाली, बाबांचा अभ्यास पुन्हा करा, पण या वेळी त्यांना वॉर्डात ठेवून. मी विचारलं, घरी काही खाताना बघितलंस का? तर म्हणाली, माझ्या नळ्यांची खात्री मी देते, घरच्या माणसांबद्दल मला विचारू नका. मला वाटलं, स्वतःची चूक झाकायला वेळ मागतेय. मी नाही म्हटलं."

कांदे. थांबलेली सुरी. "त्या आठवड्यातही?" सगळं एकदम आठवलं. म्हणजे हिला तेव्हाच कळलं होतं. कळूनही ही कोठारात बसून रिकाम्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होती, आणि मी घरात बरणीच्या झाकणावरून तिला टोचत होते. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. पातेलं उचललं आणि घरी आले.

डॉक्टरबाईंनी आता तो हट्ट मान्य केला. यांना आठवडाभरासाठी वॉर्डात नेलं, वाटीशिवाय. जाताना हे सुनेसमोर उभे राहिले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर पडले.

त्याच संध्याकाळी तिनं कामावरून लवकर सुट्टी घेतली. मला वाटलं, माहेरी निघाली. मनात म्हटलं, जाईना का, कुठल्या तोंडानं थांबवू? पण ती हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आली आणि कांदे पुढ्यात ओढले.

बराच वेळ मी डाळ ढवळत राहिले, गरज नसताना. शेवटी तिच्याकडे पाठ करूनच विचारलं, "तुला त्याच दिवशी कळलं होतं. मग बोलली का नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर तुझी नोकरी टांगणीला लागली नसती."

सुरी चालत राहिली. "तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात ना आई, आमच्या घरात खोटं बोलत नाहीत. मी तिथे जाऊन उलटं सांगितलं असतं तर बाबा सगळ्यांसमोर खोटे पडले असते." मग म्हणाली, "आणि घर माझंही आहे."

मी पदरानं डोळे पुसले. कांद्याचं निमित्तही नव्हतं, कांदे तिच्याकडे होते. "चुकलं गं माझं," म्हटलं. एवढंच आलं. इतकी वर्षं बडबड करून साठवलेल्या शब्दांतला एकही ऐनवेळी कामाला आला नाही. ती उठली, माझ्या हातातली पळी घेतली आणि ढवळायला लागली, कारण डाळ खाली लागत होती.

मग मी यांची वाटी फळीवरून काढली. ती बाजूला ठेवली आणि एक छोटा चमचा घेतला. त्यात डाळ घेतली, फुंकर मारली, तिच्यापुढे धरली.

"चव बघ."

तिनं माझ्याकडे बघितलं. यांच्याशिवाय या घरात तो शब्द आजवर मी कुणालाच म्हटला नव्हता. तिनं चमचा तोंडात घेतला. डोळे मिटले नाहीत, माझ्याकडेच बघत राहिली. आणि मला एकदम भीती वाटली, लहानपणी परीक्षेची वाटायची तशी.

"आई," ती म्हणाली, "अळणी आहे."

मी बरणी घेतली. झाकण इतकं घट्ट होतं, की तिलाच उघडून द्यावं लागलं. मी आत हात घातला आणि तिला विचारलं, "किती घालू?"